कुसळ आणि मुसळ

भाताच्या झोडणीच्या दिवसांत आमच्या घोटीकडच्या पोरांचे डोळे लाल असायचे. पेंढी आपटली की तूस उडतं, आणि एखादं कुसळ नेमकं पापणीखाली जाऊन बसतं. सात-आठ वर्षांचा असताना मी खळ्यावर असाच रडत उभा होतो. आजीने पदराचं टोक ओलं केलं, पापणी उलटली, कुसळ काढलं आणि म्हणाली, "एवढ्याला काय रडतो रे? लोकांच्या डोळ्यात मुसळ असतं, तरी पत्ता नसतो." घरातलं मुसळ माझ्याहून उंच. ते डोळ्यात मावणार कसं, या विचाराने मी रडता रडता हसलो.

ही म्हण आजीचीच, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. कॉलेजात लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलं. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. इतकी हसवणारी बाई ज्या धर्मात रमली, त्याचा ग्रंथ पाहावा म्हणून मराठी बायबल उघडलं, तर मत्तयाच्या सातव्या अध्यायात आजीच भेटली. तेच कुसळ, तेच मुसळ! मूळ ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी घराची तुळई आहे. येशू सुताराच्या घरचा, त्याला तुळईच सुचणार. मराठी अनुवादकांनी तिथे मुसळ ठेवलं आणि गालिलातला तो सुतार थेट आमच्या खळ्यावर आला. अनुवाद असा हवा.

मग येशूने सांगितलेले दाखले वाचत गेलो. ते गंभीर आवाजात वाचायची रीत आहे. पण पहिल्यांदा ऐकणारे पोट धरून हसले असणार, याबद्दल मला शंका नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला चाकर घ्या. राजाचं त्याच्याकडे दहा हजार तालंतांचं देणं. एक तालंत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. सहा कोटी रोज! एकही खाडा न करता राबला तरी 1 लाख 64 हजार वर्षं लागतील. आणि हा गडी राजाच्या पाया पडून सांगतो, जरा दम धरा, सगळं फेडतो. घोटीच्या बाजारात भातावर उचल घेणाऱ्या कुणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. राजा सगळं माफ करतो. चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

अर्थ या हसण्यातच दडला आहे. चाकर दुसरा कुणी आहे, असं समजून आपण हसत असतो. ज्या वर्षी माझ्या कर्जाचा हप्ता पुढे ढकलून मिळाला, त्याच वर्षी मी एका मजुराला उचलीच्या दोनशे रुपयांसाठी दारात उभं करून बोललो होतो. पुढच्या आवणीला तो आमच्याकडे आला नाही. हा दाखला वाचताना त्याचा चेहरा समोर आला, तो अजून जात नाही.

आता भात गिरणीत जातं. आजीचं मुसळ माजघराच्या दाराआड उभं आहे. घरात लग्न निघालं की घाणा भरायला तेवढं बाहेर येतं.