न दिलेलं औषध

परांचीवरून पडून मणक्याला मार बसलेला एक गवंडी आमच्या रुग्णालयात होता. लघवीची नळी बरेच दिवस ठेवावी लागली आणि लघवीत स्यूडोमोनास वाढला. पहिल्या कल्चरमध्ये हा जंतू सगळ्या औषधांना दाद देत होता. सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झालं, ताप उतरला आणि काही दिवसांनी पुन्हा चढला.

दुसरी प्लेट मी उघडली. तोच हिरवट रंग, तोच द्राक्षांसारखा वास. पण सिप्रोच्या डिस्कला खेटून जंतू वाढले होते आणि मेरोपेनेमभोवतीचं मोकळं वर्तुळही आक्रसलं होतं. वॉर्डातला रेसिडेंट रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आला.

"मॅडम, मेरोपेनेम याला दिलंच नाही. मग जंतू त्याला सरावला कसा?"

प्रश्न नेमका होता. स्यूडोमोनासच्या आवरणात प्रथिनांचे पंप असतात. त्यातला मुख्य मेक्सएबी-ओपीआरएम. त्याचा एक भाग आतल्या पडद्यात, एक बाहेरच्या पडद्यात आणि तिसरा या दोघांना जोडणारा. होडीत शिरलेलं पाणी उपसावं तसा तो आत आलेलं औषध थेट पेशीबाहेर टाकतो. त्याची जनुकं बाहेरून आलेली नसतात, जंतूची स्वतःचीच असतात. एरवी मेक्सआर नावाचं प्रथिन त्यांना आवरून धरतं. असंख्य जंतूंमध्ये एखाद्यात हा लगाम सुटलेला असतो. सिप्रो बाकीच्यांना मारतं, तो तगतो, आणि मग त्याचीच पिलावळ वाढते. हा पंप एका औषधापुरता नसतो. सिप्रोबरोबर मेरोपेनेमही तो बाहेर फेकतो.

इमिपेनेम मात्र या पंपाच्या पकडीत येत नाही. प्लेटवर त्याचं वर्तुळ चांगलं रुंद होतं. जनुकांची तपासणी आमच्याकडे होत नव्हती, पण ही खूण पंपाकडेच बोट दाखवत होती. रेसिडेंटच्या मनात कोलिस्टिन होतं. ते मूत्रपिंडांना इजा करू शकतं, आणि इथे त्याची गरज नव्हती. नळी बदलली, इमिपेनेम दिलं, ताप उतरला.

पंप अडवणारी रसायनं प्रयोगशाळेत वापरली जातात, पण रुग्णाला देता येईल असं त्यातलं एकही औषध अजून हाती आलेलं नाही. हे मला फार खुपतं. मेरोपेनेम आणि इमिपेनेमची वर्तुळं अशी वेगळी दिसली की मी नुसता रिपोर्ट पाठवत नाही, वॉर्डात फोन करते, आणि आधी कोणतं औषध चालू होतं ते विचारते.