लगाम नसलेली गाडी

अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत कुत्र्यांमागे जी स्लेज धावते, तिला इंजिन नाही, बसायला नीट जागा नाही आणि लगामही नाही. बैलगाडीवाल्याच्या हातात निदान कासरा असतो. इथे हाकणाऱ्याच्या हातात नुसती मागची दांडी. ‘जी’ अशी हाक गेली की पुढचा कुत्रा उजवीकडे वळतो, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. हाक वाऱ्यात विरली, तर कुत्री नेतील तिकडे गाडी मुकाट जाते.

मुकाट असली तरी दुबळी नाही. जुन्या घडणीची स्लेज ॲशच्या लाकडाची असे आणि तिचे सांधे चामड्याच्या वाद्यांनी आवळून बांधत. गोठलेल्या उंचवट्यांवरून जाताना ती पिळवटते, करकरते, पुन्हा सरळ होते. आताच्या गाड्यांत ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आलं, पण ताठर गाडी आजही तिथे टिकत नाही. कुणी जोर केला की लवायचं आणि तरी मोडायचं नाही, हा तिचा स्वभाव.

शिकाऊ माणसाची पहिली गुरू हीच. तिचा पहिला धडा असा की काही झालं तरी हात सोडायचा नाही. पडलात, फरफटलात, तरी दांडी धरून ठेवा. ताकद भरलेली कुत्री मालक खाली पडला म्हणून थांबतीलच असं नाही. आणि अन्न, चूल, झोपायची पिशवी, कुऱ्हाड, सगळं गाडीतच असतं. ती गेली की माणूस बर्फात उघडा पडतो.

दुसरा धडा कष्टाचा आहे. चढ आला की पायाखालच्या, गाडीच्या तळाच्या पट्ट्यांवरून उतरून मागे धावायचं, सपाटीवर एका पायाने रेटायचं. बर्फ पडण्याआधी, शरदात, कुत्र्यांना चारचाकी मोटारीला जुंपून सराव देतात. मग हिवाळाभर लांब धावा आणि उघड्यावरचे मुक्काम. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी कुत्र्यांखाली पेंढा पसरायचा, बर्फ वितळवून त्यांचं मांस शिजवायचं, पंजांचे कापडी मोजे काढून मलम चोळायचं. शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला सुमारे दहा हजार कॅलरी लागतात. आपली झोप शेवटी, आणि तीही उरली तर. शर्यतवीराचं शिक्षण मला तरी मुख्यतः हेच वाटतं: आपला नंबर शेवटचा, हे अंगवळणी पडणं.

शर्यतवीर सुझन बुचरने ते अंगवळणी पाडलं होतं. अलास्कातल्या युरेका या आडवस्तीत ती कुत्र्यांच्या पिल्लांना स्वतः वाढवत असे. १९८५च्या शर्यतीत वाटेत एक मूस, म्हणजे तिथलं अवाढव्य हरीण, तिच्या कुत्र्यांवर तुटून पडलं. दोन कुत्री मेली, अनेक जखमी झाली आणि सुझनने शर्यत सोडली. त्या वर्षी लिबी रिडल्स ही जिंकणारी पहिली स्त्री ठरली. पुढच्या वर्षी सुझन पुन्हा पट्ट्यांवर उभी राहिली. १९८६, १९८७, १९८८ आणि १९९०, अशी चार वेळा ती जिंकली. तिचा अग्रणी कुत्रा ग्रॅनाइट लहानपणी कुणाच्या डोळ्यांत भरेल असा नव्हता. तिने त्याच्यावर विश्वास टाकला आणि त्याने तिला नोमपर्यंत, शर्यतीच्या शेवटच्या गावापर्यंत, नेलं. २००६ साली ती ल्युकेमियाने गेली.

गाडीचा सगळ्यांत सुंदर गुण अडचणीत दिसतो. एखादा कुत्रा थकला, लंगडू लागला, की त्याला ओढीतून सोडवून गाडीतल्या पिशवीत घालतात. तोंड तेवढं बाहेर. मैलोन् मैल ज्याने तिला ओढलं, त्याला आता ती वाहून नेते. पुढच्या ठाण्यावर पशुवैद्य त्याला तपासतात आणि तिथे तो उतरतो. या शर्यतीत कुत्री मेलेलीही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच गाडीतली ही जागा मला तिथल्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठी वाटते.

सुमारे सोळाशे किलोमीटरनंतर नोमच्या वेशीत शिरते तेव्हा गाडी ओरखडलेली आणि बर्फाने माखलेली असते. तिथे पिवळ्या गुलाबांचे हार घालतात, ते विजेत्या संघाच्या पुढच्या कुत्र्यांच्या गळ्यात. आणि ते योग्य गळ्यांतच पडतात.