लक्षात राहिलेली जाहिरात

परवा नातीचा मुंबईहून फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे "आजी, जेवलीस का? गोळी घेतलीस का?" एवढाच. या वेळी आवाजात घाई होती. "आजी, मला तुझी मुलाखत घ्यायची आहे. प्रोजेक्ट आहे."

ती जाहिरातीचं शिक्षण घेते आहे. आमच्या वेळी बीएला मराठी, इतिहास नाहीतर अर्थशास्त्र. जाहिरात हा कॉलेजात शिकायचा विषय असेल असं कधी मनात आलं नव्हतं. जाहिरात म्हणजे पेपरातला चौकोन, ज्यावर दुसऱ्या दिवशी आपण शेंगा सोलतो!

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पीयूष पांडे गेले. तेव्हापासून म्हणे त्यांच्या वर्गात जुन्या जाहिरातींवर बरीच चर्चा चालली आहे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला लक्षात राहिलेल्या जाहिराती विचारून या, असं काम मिळालं. आमच्या घरात ते पद सध्या माझ्याकडे आहे.

आधी तिने मलाच शिकवलं. म्हणाली, "आजी, कल्पक जाहिरात वेगळी आणि लक्षात राहणारी वेगळी. कल्पक जाहिरात बघून माणूस 'वा!' म्हणतो आणि विसरतो. लक्षात राहणारी वीस वर्षांनी आठवते. पण खरी चांगली ती, जी आठवल्यावर कुठल्या वस्तूची होती तेही आठवतं."

मला हे पटलं. छत्तीस वर्षं मास्तरकी केल्यावर पटणारच. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटतात. "बाई, तुम्ही ती विहिरीची गोष्ट काय सांगायचात!" म्हणतात. मी विचारते, "ती कुठल्या धड्याला सांगायची मी?" की डोकं खाजवतात. म्हणजे माझी जाहिरात लक्षात राहिली, माल गेला!

तर मुलाखत सुरू झाली. पहिलं काय आठवतं?

मी म्हटलं, क्रिकेटच्या मैदानात नाचत शिरणारी मुलगी.

"कशाची जाहिरात?"

"कॅडबरीची."

"कुठली कॅडबरी?"

आता आली का पंचाईत! आमच्याकडे कुठल्याही चॉकलेटला कॅडबरीच म्हणतात. जसं वनस्पती तुपाला डालडा आणि दात घासायच्या कुठल्याही पेस्टला कोलगेट. ती म्हणाली, "डेअरी मिल्क गं आजी!" आणि मला अर्धा मार्क दिला. ती जाहिरात नव्वदच्या दशकातली. तीच गोष्ट उलटी करून, म्हणजे मैदानात मुली खेळताहेत आणि मुलगा नाचत येतो अशी, त्यांनी २०२१ साली पुन्हा केली. मला ती जास्त आवडली. माझ्या शाळेत मुलींना खेळाच्या तासाला लंगडीच्या पुढे कोणी जाऊ देत नसे.

दुसरी आठवली फेविकॉलची. राजस्थानातल्या वाळवंटातून एक खच्चून भरलेली बस जाते. टपावर माणसं, दारात माणसं, मागे लोंबकळणारी माणसं. बस हेलकावे खाते, पण कोणी पडत नाही. शेवटी बसच्या मागे फेविकॉलची पाटी दिसते. बस्स. संवाद नाहीत, मालाची स्तुती नाही. नात म्हणाली की यालाच त्यांचे सर कल्पकता म्हणतात. सांगायचं ते सांगितलंच नाही, बघणाऱ्याला ओळखू दिलं. चांगला शिक्षकही तेच करतो, हे मी मनात म्हटलं.

मला मात्र ती जाहिरात बघून आमच्या वाड्यातले सुतारकाका आठवतात. सांगलीच्या आमच्या वाड्याच्या पुढच्या सोप्यात ते काम करायचे. कोपऱ्यात चुलीवर डबा, डब्यात सरस उकळत असायचा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो सरस. सगळा वाडा त्या वासाने नाक दाबायचा. आणि सोवळ्यातल्या आजेसासूबाई तर तिकडून जायच्याच नाहीत. मग केव्हातरी तो पांढरा डबा आला आणि चूल बंद झाली. हत्ती ओढतात तरी सुटत नाही असं त्यावर चित्र. मी नातीला म्हटलं, 'सरस' म्हणजे जास्त चांगला, आणि 'सरस' म्हणजे चिकटवायचा पदार्थही. सरसाहून सरस निघाला फेविकॉल! तिने हे वाक्य लगेच लिहून घेतलं. अजून आपला थोडा उपयोग आहे तर!

तिसरी अर्थातच ललिताजी. आमच्याकडे टीव्ही आला १९८५ साली. शेजारपाजारची सगळी मंडळी रविवारी सतरंजीवर. आणि मधेच ही बाई यायची. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, दमडीदमडीचा हिशेब ठेवणारी. तिला विचारणारा विचारतो, मग एवढा महाग सर्फ का घेता? ती ठणकावून सांगते की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. आणि अर्धा किलो सर्फ हा साध्या पावडरीच्या एका किलोबरोबर आहे, असा हिशेबही मांडते.

त्यामागची गंमत मला पुढे कळली. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ साली निरमा सुरू केला. आधी स्वतः सायकलवरून दारोदार विकला, आणि तो इतका स्वस्त होता की मोठ्या कंपनीच्या तोंडचं पाणी पळालं. किंमत कमी करणं परवडेना, म्हणून त्यांनी ललिताजी उभी केली. ती घडवणारे अलेक पदमसी यांनी सांगून ठेवलंय की ही बाई त्यांना आपल्या आईवरून सुचली. काम केलं होतं कविता चौधरींनी, ज्यांनी पुढे १९८९ मध्ये 'उडान' मालिका केली. त्या मालिकेमुळे माझ्या वर्गातल्या चार मुलींनी तरी निबंधात 'मी पोलीस अधिकारी होणार' असं लिहिलं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या गेल्याची बातमी वाचली तेव्हा ओळखीचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

ललिताजीचं गणित मी सातवीच्या वर्गात फळ्यावर घातलं होतं. दोन्ही पावडरींचे बाजारातले दर घेतले आणि म्हटलं, करा हिशेब. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, तरीपण निरमाच स्वस्त पडतंय!" पुन्हा करून बघितलं. खरंच पडत होतं! वर्ग हसला, मीही हसले. आणि घरी येऊन पुन्हा सर्फच वापरला. का? तर मला वाटतं, टीव्हीवर पहिल्यांदाच कोणीतरी बाईला हिशेब येतो असं गृहीत धरलं होतं. त्या सन्मानाचे पैसे मी मोजत होते.

चौथी जाहिरात पोलिओच्या दोन थेंबांची. ही सांगताना मी जरा थांबले. माझ्या लहानपणी शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचा एक पाय पोलिओने गेला होता. तिचे वडील तिला सायकलवरून आणून वर्गात उचलून बसवायचे. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या पळायचो आणि ती खिडकीतून बघायची. पुढे १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला आणि आम्हा शिक्षकांना रविवारी बूथवर बसवलं. थेंब पाजायचे, डाव्या करंगळीवर शाईची खूण करायची, मग उरलेली मुलं शोधत घरोघर हिंडायचं. रविवार गेला म्हणून आम्ही कुरकुरायचो. तेव्हा टीव्हीवर अमिताभ बच्चन सांगायचे. आधी समजुतीने, मग चक्क रागावून. नात म्हणाली, "आजी, तेही पीयूष पांडेंचंच काम!" लोकांनी म्हटलं असेल तितकं जाहिरातीचं श्रेय असेलही. पण शेवटचा रुग्ण हावड्याला २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या दिवशी मी त्या मैत्रिणीला फोन केला होता. दोघींना काही बोलता आलं नाही.

इथपर्यंत मुलाखत झकास चालली होती. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला. "आजी, एखादी जाहिरात बघून घरात तू काही निर्णय घेतलास, असं झालंय का?"

मी म्हटलं, "सांगितलं की. सर्फ."

ती खूश झाली आणि फोन ठेवला. मी मात्र ओट्याशी तशीच उभी राहिले. कारण उत्तर खोटं नसलं तरी पुरं नव्हतं.

पाचवी जाहिरात मी सांगितलीच नव्हती.

आता लिहिते ते लेकीला विचारून लिहिते आहे.

माझी लेक रंगाने तिच्या बाबांवर गेली. सावळी, तरतरीत, डोळे बोलके. चौदा वर्षांची असेल. १९९२ च्या आसपासची गोष्ट. गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती तेव्हा टीव्हीवर सारख्या लागायच्या. ठरलेली गोष्ट. सावळी मुलगी उदास, बघायला आलेले नकार देतात नाहीतर नोकरी मिळत नाही. मग ट्यूब, मग काही आठवडे, मग चेहरा उजळ आणि सगळं मनासारखं. आम्ही सगळे एकत्र बसून बघायचो. कोणी काही बोलायचं नाही.

आमचं गाव हळदीच्या बाजारपेठेचं. हळद, साय, डाळीचं पीठ हे सासूबाईंचे उपाय चालूच होते, त्याला मी हसायचे. शाळेत मी सावित्रीबाईंवर भाषण द्यायची, मुलींना सांगायची की रूप नाही, गुण बघतात. आणि एका पगाराच्या दिवशी मीच दुकानात जाऊन ती ट्यूब घेतली. घरी आणून तिच्या कंगव्याशेजारी ठेवून दिली. एक शब्द बोलले नाही. काही दिवसांनी ट्यूब चपटी झालेली दिसली, तेव्हा दुसरी आणली. मग तिसरी. दोन-अडीच वर्षं हे चाललं.

ललिताजीने मला अक्कल आहे असं मानलं म्हणून मी भाळले होते. ही दुसरी जाहिरात माझ्या भीतीशी बोलली. आणि भीती हिशेब करत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेकीला फोन लावला. ती ठाण्याला असते, सत्तेचाळीस वर्षांची आहे, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हटलं, "तुला ती ट्यूब आठवते का गं?"

कुठली, हे तिने विचारलं नाही.

थोडं थांबून म्हणाली, "आई, मी ती जेमतेम महिनाभर लावली. मग रोज सकाळी मोरीत थोडी पिळून टाकायचे."

"म्हणजे?"

"तू आणत होतीस ना. संपली नाही तर तुला वाटलं असतं मी नीट वापरत नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून."

मला काय बोलावं सुचेना. मी चष्मा काढून ठेवला. एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की मी तिला न दुखवता, न बोलता मदत केली. आणि ती पोर मला न दुखवता रोज मोरीत ट्यूब पिळत होती. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "जाहिरात काय होती ते मला आठवत पण नाही, आई. तू काही बोलली नाहीस, ते आठवतं."

मग हसून म्हणाली, "आता हे तिला सांग. तिच्या प्रोजेक्टला उपयोग होईल. आणि तिचा रंग माझ्यासारखाच आहे, हेही लक्षात असू दे."

संध्याकाळी मी नातीला फोन करून सगळं सांगितलं. ती एरवी मधेमधे बोलते, या वेळी गप्प राहून ऐकत होती. मग तिने मला सांगितलं की २०१४ साली जाहिरातदारांच्या एएससीआय या संस्थेने नियम केले, सावळी माणसं दुःखी किंवा मागे पडलेली दाखवायची नाहीत म्हणून. आणि २०२० मध्ये अशा एका नामांकित क्रीमने आपल्या नावातला गोरेपणाचा शब्दच काढून टाकला. "नाव बदललं आजी. पण डबी अजून मिळते," असंही म्हणाली. पोरगी हुशार आहे.

मी विचारलं, "मग तुझ्या कसोटीला ही जाहिरात चांगली ठरली की. मला आठवली, वस्तूही आठवली, मी विकतही घेतली."

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "कसोटी बदलावी लागेल. सरांना विचारते."

"सरांना कशाला? तूच बदल," मी म्हटलं. ही शिक्षकाची खोड, जात नाही.

काल तिने प्रोजेक्ट पाठवला. फोनवर अक्षरं मोठी करून वाचला. शेवटच्या प्रश्नापुढे तिने सर्फ खोडून लिहिलं आहे, 'आजीने माझ्या आईसाठी क्रीम घेतलं. आईने ते मोरीत ओतलं.' बाकी काही स्पष्टीकरण नाही. मार्क किती मिळतात ते कळवते म्हणाली.

तुमच्याही घरी अशी एखादी ट्यूब असेल. कोणाच्या कंगव्याशेजारी ठेवली होती, ते आठवून बघा. आणि जमलं तर फोन करा.