जीप बसली का काय तुमची?

गेल्या पंधरा दिवसांत किमान दहा जणांनी हा प्रश्न विचारलाय. पोवई नाक्यावर चहाला थांबलो तरी कोणीतरी चाकाकडं बघतं आणि हसतं. तर मंडळी, जीप बसलेली नाही, उतरवली आहे. मुद्दाम, खिशातले पैसे घालून. का, ते प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहितो. लांबेल. पण ज्यांच्या दारात उंच केलेली गाडी आहे, किंवा पोरगं तसा हट्ट धरून बसलंय, त्यांनी जरा वेळ काढून वाचा.

जीप जुनी, महिंद्राची एमएम ५४०. चारही चाकांना पाटे. तीन वर्षांपूर्वी मी ती चार इंच उंच करून घेतली. मागंपुढं मूळच्यापेक्षा लांब आणि जास्त कमानीचे पाटे, लांब शॅकल, आणि पाटे मावत नाहीत म्हणून चासीवरचे हँगर कापून सरकवून पुन्हा वेल्ड केलेले. वर टायर मूळच्यापेक्षा दहा टक्के मोठे. पाटेवाल्या चाचांनी काम करतानाच सांगितलं होतं, "दादा, डोंगरात मजा येईल. हायवेला मात्र जपून." मी मान हलवली. अशा वेळी आपण मान हलवतोच.

आणि डोंगरात मजा आली, हे खोटं कशाला बोलू? पाट्याची जाडी, रुंदी, संख्या तीच ठेवून नुसती लांबी १० टक्के वाढवली, तरी त्याचा कडकपणा जवळजवळ पाव भागानं कमी होतो. म्हणून चाक खड्ड्यात खोल उतरतं, दगडावर उंच चढतं, आणि वर बसलेल्या माणसाचा मणका शाबूत राहतो. ठोसेघरच्या बाजूला पावसात चिखलातून ही जीप अशी चालायची की बाकीचे गाड्या थांबवून बघत राहायचे. फोटो काढायचे. फोटोचं सुख वेगळंच असतं, कबूल करतो.

हायवेला काय होतं ते मात्र फोटोत दिसत नाही. चाळिसाला काहीच कळत नाही. साठच्या पुढं गाडी सरळ जायला नको म्हणते. स्टीअरिंग सतत थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं करत राहावं लागतं. शेजारून लक्झरी बस गेली की तिच्या वाऱ्यानं गाडी झुलते. मी याला "जुनी जीप आहे, चालायचंच" म्हणत आलो. त्यात टायर मोठे, म्हणजे काटा ७० दाखवत असताना गाडी खरं तर ७७ नं पळत असते. हा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

मग तो दिवस आला. आईला पुण्याला डॉक्टरांकडं न्यायचं होतं. घरातली दुसरी गाडी बायको घेऊन गेलेली. म्हटलं, जीपच काढू. सुरूरच्या पुढं एका पुलाच्या सांध्यावर चाक आदळलं आणि स्टीअरिंग हातात थरथरायला लागलं. थरथर म्हणजे मोबाईल वाजतो तशी नाही. दोन्ही हातांनी गच्च धरूनसुद्धा चाकं डावी-उजवी नाचत होती, डॅशबोर्ड दिसेनासा झाला. वेग तिसावर आला तेव्हा थांबली. आईनं विचारलं, "काय झालं रे?" मी म्हटलं, "काही नाही, रस्ता खराब आहे." रस्ता चांगला होता.

तिथंच परत फिरायला पाहिजे होतं. फिरलो नाही. डॉक्टरांची वेळ महिनाभरानं मिळालेली होती.

खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एस आकाराचं वळण येतं. तिथं किती अपघात झालेत ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. मी जपूनच होतो. पण पुढचा ट्रक अचानक हळू झाला आणि मला जोरात ब्रेक मारावा लागला. नाक खाली गेलं, आणि गाडी आपणहून डावीकडं ओढली गेली. मी स्टीअरिंग फिरवलेलं नव्हतं. डावीकडं एक स्कूटर होती. नवरा, बायको आणि मध्ये पोर. माझ्या चाकात आणि त्यांच्यात एक हात अंतर राहिलं असेल, नसेल. स्कूटरवाल्यानं हँडल वळवलं, खडीत घातली, कशीबशी सावरली. तो सावरला म्हणून ते तिघं वाचले. त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

खंडाळ्यापर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. मग आई म्हणाली, "त्या बाईच्या पुढ्यात पोर होतं ना रे?"

दुसऱ्या आठवड्यात जीप दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीकडं नेली. त्यांनी खाली सरपटत जाऊन अर्धा तास बघितलं आणि मला पण खाली बोलावलं. सायकलचा पुढचा चिमटा उभा सरळ नसतो, थोडा कललेला असतो, म्हणून हात सैल सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. माझ्या लांब शॅकलनी आणि सरकवलेल्या हँगरनी पुढचा एक्सल किंचित फिरला होता आणि तो कल जवळजवळ संपला होता. म्हणून ते भिरभिरणं, म्हणून ती थरथर. स्टीअरिंगकडून चाकाकडं जाणारा ड्रॅग लिंक आडवा असायला हवा, तो तिरका उतरत होता. ब्रेक मारला की मऊ पाटे पिळले जायचे, एक्सल आणखी फिरायचा आणि तो तिरका रॉड चाकं ओढायचा. गाडी डावीकडं का गेली त्याचं उत्तर हे. शेवटी मिस्त्रींनी जॅक लावून पुढचं चाक लोंबतं सोडलं आणि ब्रेकचा होज दाखवला. तारेसारखा ताणला होता. तीन वर्षं मी हे घेऊन हिंडत होतो.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी मनानं करता येत नाही. इंधन बदलणं, दिव्यांगांसाठीचे बदल यांना रीतसर वाट आहे. चार इंच उंचीला नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. माझ्या जीपचे बदल मोजा: पाटे, शॅकल, हँगर, टायर. तीन वर्षांत मला एकदाही कोणी अडवलं नाही. उलट एका मिरवणुकीत जीप पुढं लावायला मागून नेली.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी. त्या पंधरा वर्षांत गाडीखाली वाकून बघणारं कोण? काळी काच रस्त्यावरून दिसते, नंबरप्लेट दिसते, म्हणून त्यांचा दंड होतो. ताणलेला होज दिसत नाही.

आणि हा फक्त हौशी पोरांचा विषय नाही. बाजार समितीच्या बाहेर उभे राहा आणि पिकअपचे मागचे पाटे मोजा. माझे मऊ केलेले, त्यांचे जादा पाटे टाकून कडक केलेले. दीडपट माल भरला तरी गाडी बसत नाही, म्हणून सगळे खूश. पण पाटा वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाहीत, टायर वाढत नाहीत. तो ड्रायव्हर पोटासाठी करतो, मी फोटोसाठी केलं, एवढाच फरक, आणि त्यात माझी बाजू जास्त वाईट.

काही जण म्हणतील, नीट केलं असतं तर चाललं असतं. अर्धं खरं आहे. पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, पिटमन आर्म बदलून ड्रॅग लिंक आडवा करता येतो, होज लांब टाकता येतात. मिस्त्रींनी खर्चाचा आकडाही सांगितला होता. पण उंची तेवढीच राहते. दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. माझा बंपर अल्टोच्या बंपरला भेटतच नाही, वरून आत घुसतो. ज्याला फक्त जंगलात, ट्रॅकवर चालवायची आहे त्यानं ट्रेलरवर टाकून न्यावी. मला तो खर्च झेपत नाही, आणि याच जीपमधून मला भाजीही आणायची असते.

म्हणून मूळ मापाचे पाटे टाकले, हँगर जागेवर आणले, टायर बदलले. परवा पुण्याला जाऊन आलो. कडक आहे, कंबर बोलते. पण सत्तरला एका हातानं सरळ जाते.

काढलेले लांब पाटे पडवीत भिंतीला टेकवून उभे आहेत. दोघांनी फोन करून किंमत विचारली, एक तर आपल्याच गल्लीतला पोरगा आहे. त्याला म्हटलं, घरी ये, आधी चहा घेऊ. भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय. रविवारी त्याला बोलावलंय.