कडेची खरवड

शिमला, १० जून
रामपूरच्या बाजूच्या एका बागमजुराच्या गालावर रुपयाएवढा व्रण. कड उंच, मध्ये खपली. दुखत नाही, म्हणून बिचारा कित्येक महिने मलमंच लावत बसला. कडेची कातडी चिमटीत दाबून रक्त ओसरू दिलं, ब्लेडने खरवड घेतली, स्लाइडला गिम्साचा रंग दिला. ऑइल इमर्शनखाली भक्षक पेशींत अंडाकृती कण दिसले, २ ते ४ मायक्रॉनचे. प्रत्येकात जांभळट केंद्रक आणि शेजारी गडद, बारीक दांडी. लिशमॅनिया परजीवीच. पण कुठला? माणसाला बाधणाऱ्या त्याच्या २०हून अधिक जाती आहेत, आणि स्लाइडवर सगळ्या सारख्याच दिसतात.

१५ जून
उरलेल्या खरवडीचा पीसीआर आणि सिक्वेन्सिंग झालं. लिशमॅनिया डोनोव्हानी! १९०३ मध्ये लीशमन आणि डोनोव्हन यांनी वर्णन केलेला, काळा आजाराचा परजीवी. इथे सतलजच्या खोऱ्यात तो बहुधा कातडीतच राहतो, श्रीलंकेतही तसंच. बिकानेरच्या व्रणांत मात्र ट्रॉपिका सापडतो. तरीही मजुराचं पोट पुन्हा तपासलं. प्लीहा हाताला लागली नाही, ताप नाही. जीव भांड्यात पडला.

२१ जून
जातीचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून दिवसभर लिशमॅनियावरचे थायलंडचे शोधनिबंध वाचले. तिथे २००८ पासून ‘सायामेन्सिस’ हे नाव चाललं, पण त्या जातीचं रीतसर वर्णन कुणी केलंच नाही. पुढे जनुकं ताडून पाहिली, तर त्या एका नावाखाली दोन जाती निघाल्या. एक मार्टिनिकेन्सिस, २०१४ मध्ये कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरून वर्णिलेली. दुसरी ओरिएंटॅलिस, २०१८ मध्ये वर्णिलेली, तीही एका थाई स्त्रीच्या त्वचेवरच्या व्रणातून. घानातल्या व्रणांमधल्या परजीवीला तर २०२३ मध्ये चान्सी हे नाव मिळालं. हे सगळे मुंडिनिया गटातले, आणि प्रयोगशाळेत या गटातल्या जाती चावऱ्या चिलटांत वाढलेल्या दिसल्या आहेत. तिथे लिशमॅनिया पसरवणाऱ्या नेहमीच्या वाळूमाशीच्या नुसतं मागे लागून भागणार नाही. जात नेमकी ओळखण्याचा खटाटोप मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

३ जुलै
बाहेरगावाहून एक बायोप्सी आली, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेली. डीएनएचे तुकडे झालेले, पीसीआर उठलाच नाही. रुग्ण आता कुठे आहे, ठाऊक नाही. डॉक्टरमित्रांनो, न भरणारा व्रण दिसला तर खरवड कडेची घ्या, आणि तिच्यातला थोडा भाग निव्वळ अल्कोहोलमध्ये राखून ठेवा.