पाठीमागची सावली

एखादी कादंबरी पुन्हा वाचण्याला वाङ्मयव्यवहारात प्रतिष्ठा आहे. दूरचित्रवाणीवरील विस्मृतीत गेलेली एखादी मालिका पुन्हा पाहण्याला ती नाही. पुनर्वाचन हे जाणकारीचे लक्षण मानले जाते, तर जुनी मालिका पुन्हा पाहणाऱ्याकडे फार तर गतकाळात रमणारा भाबडा माणूस म्हणून पाहिले जाते. याचे कारण उघड आहे. कादंबरी लिहिली जाते तीच मुळी टिकण्याच्या आकांक्षेने. मालिका पुढच्या आठवड्यापर्यंत टिकली तरी पुरते. ठरलेल्या रात्री ती येते, जाहिरातींच्या मधल्या जागा भरते आणि प्रेक्षकसंख्या घटली की निघून जाते. परंतु एकाच संहितेपुढे तोच प्रेक्षक तीस-चाळीस वर्षांच्या अंतराने दुसऱ्यांदा बसतो, तेव्हा संहिता जशीच्या तशी असते. बदललेला असतो तो प्रेक्षक. अर्थ हा वाचकाच्या बाजूने घडतो, या वाचककेंद्री समीक्षेच्या सिद्धान्ताचा इतका स्वच्छ पडताळा अभिजात ग्रंथाच्या बाबतीत मिळणे कठीण असते. अभिजात ग्रंथ मधल्या काळात भाष्यांनी, अभ्यासक्रमांनी आणि इतरांच्या कौतुकाने वेढला गेलेला असतो. विसरलेल्या कृतीभोवती असे काही साचलेले नसते. ती ठेवली होती तशीच सापडते.

'द व्हाइट शॅडो' ही अशी एक मालिका आहे. सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर २७ नोव्हेंबर १९७८ रोजी ती सुरू झाली आणि १६ मार्च १९८१ रोजी संपली; तीन पर्वे, ५४ भाग. तिचा निर्माता ब्रूस पॅल्ट्रो. केन रीव्हज हा शिकागो बुल्स संघाचा गोरा व्यावसायिक खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीमुळे निवृत्त होतो आणि जिम विलिस या जुन्या मित्राच्या सांगण्यावरून लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागातील कार्व्हर हायस्कूलमध्ये बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून येतो. विलिस हा त्या शाळेचा कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. संघातील बहुतेक मुले कृष्णवर्णीय. त्यांच्यात एक ज्यू, एक इटालियन वंशाचा, एक मेक्सिकन वंशाचा. रीव्हजची भूमिका करणारा केन हॉवर्ड हा लाँग आयलंडवरील मॅनहॅसेट येथे शिकत असताना शाळेच्या संघातील सुरुवातीच्या पाच खेळाडूंमध्ये एकटाच गोरा होता. मालिकेचे बीज त्या अनुभवात आहे. तिचे शीर्षकही पहिल्याच भागात मुलांच्या तोंडून येते. मी सदैव तुमच्या पाठीशी राहीन, असे प्रशिक्षक भारावून सांगतो आणि त्यावर एक मुलगा त्याला गोऱ्या सावलीची उपमा देतो. त्या उत्तरात थट्टा किती आणि स्वीकार किती, हे मालिका सांगत नाही. पुन्हा पाहणाऱ्याला पहिला अडसर होतो तो या उपमेचाच.

कार्व्हर या नावापाशी मराठी वाचक क्षणभर थांबेल. ज्या वर्षी ही मालिका संपली त्याच वर्षी, १९८१ साली, वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' प्रसिद्ध झाले आणि गुलामीत जन्मलेल्या त्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे नाव मराठी घराघरांत पोचले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधील अनेक शाळांना हे नाव दिलेले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून टस्कीगी येथे शिकवायला गेले आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्या कथेतील शिक्षक ज्यांना शिकवतो त्यांच्यातलाच आहे. मालिकेतील प्रशिक्षक मात्र बाहेरून आलेला आहे. ज्यांच्यापुढे तो उभा आहे त्यांचे जगणे त्याने भोगलेले नाही. शाळेच्या दारावरचे नाव आणि आत शिट्टी वाजवणारा माणूस यांच्यामधील हा ताण मालिकेच्या कर्त्यांनी हेतुपूर्वक योजला होता असे म्हणण्याची गरज नाही. संहितेत तो आहे, एवढे पुरेसे आहे.

या ताणामुळेच मालिकेवर जो आक्षेप सहज सुचतो तो गंभीर आहे. गोरा माणूस वस्तीत येतो आणि काळ्या मुलांना मार्गाला लावतो, हे कथासूत्र अमेरिकी करमणुकीच्या व्यवसायाने पुढे इतके वापरले की ते आज संशयानेच पाहिले जाते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले आणि त्यानंतरच्या दशकांत सहानुभूती व स्वानुभूती यांचा वाद मराठी समीक्षेने दीर्घकाळ केला. त्या वादात मुरलेल्या प्रेक्षकाला हा आक्षेप शिकवावा लागत नाही. दुसऱ्याचे दुःख सांगताना सांगणाराच मोठा होतो, हे त्याला ठाऊक असते. ही मालिका निर्दोष आहे असेही नाही. व्यसन, टोळ्या, गुप्तरोग, समलिंगी विद्यार्थ्याची कुचंबणा असा एकेक प्रश्न घेऊन तासाभरात त्याचा निकाल लावण्याची घाई तिच्यात आहे. कॅमेरा बहुधा रीव्हजच्या खांद्याच्या उंचीवर असतो, आणि साडेसहा फूट उंचीच्या माणसाच्या खांद्यावरून सगळी मुले लहानच दिसतात.

मात्र दुसऱ्यांदा पाहताना या उंचीला तडे गेलेले दिसू लागतात, आणि त्यातला पहिला तडा सिबिल ब्यूकॅनन हा आहे. शाळेची ही उपमुख्याध्यापिका (जोन प्रिंगल) रीव्हजशी सतत भांडते. मुलांचे गुण, हजेरी, परीक्षा यांपुढे तिला चेंडूचे कौतुक नाही. पहिल्या वेळी ती अडथळा वाटते: कथानायकाच्या वाटेवर मुद्दाम ठेवलेली एक कोरडी, नियमांवर बोट ठेवणारी बाई. दुसऱ्या वेळी ध्यानात येते की मुलांच्या भवितव्याचा हिशेब त्या शाळेत अचूक मांडणारी तीच आहे. त्या वस्तीतून शिकून वर येण्यासाठी काय मोजावे लागते हे तिला ठाऊक आहे. रीव्हजला ते कळते ते मुलांवरच्या मायेतून, म्हणजे उशिरा. बास्केटबॉलने शेकडो मुलांपैकी एखाद्याचे पोट भरते आणि उरलेल्यांना लिहितावाचता यायला हवे, ही तिची बाजू. संहितेने तिला फारशी सहानुभूती दिलेली नाही, पण युक्तिवाद पुरेपूर दिले आहेत. तिसऱ्या पर्वात तीच मुख्याध्यापिका होते. ज्या प्रेक्षकाने मधली वर्षे वर्गात काढली आहेत, त्याची निष्ठा या टप्प्यावर नकळत प्रशिक्षकाकडून तिच्याकडे सरकते, आणि आपण तरुणपणी कोणाला हसलो होतो हे आठवून तो थोडा शरमतो.

दुसरा तडा काळाचा आहे, आणि मालिकेचे खरे वेगळेपण येथे आहे. मालिका या रूपबंधाचा काळाशी एक अलिखित करार असतो. दर आठवड्याला पात्रांवर संकट यावे, पण पात्रे बदलू नयेत. प्रेक्षकाने सोडले तेथेच ती त्याला पुन्हा सापडावीत. शाळेवरच्या मालिकांत तर हा करार हास्यास्पद होतो. तिशी गाठलेले नट वर्षानुवर्षे त्याच बाकांवर बसून राहतात. 'द व्हाइट शॅडो'ने हा करार मोडला. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस संघ शहराचे अजिंक्यपद जिंकतो आणि त्यानंतर हेवर्ड, रीस, गोल्डस्टीन, गोमेझ ही मुले शाळा संपवून निघून जातात. प्रेक्षकांनी दोन वर्षे ज्यांच्यावर जीव लावला तेच गेले. तिसऱ्या पर्वात थॉर्प, कूलिज आणि सलामी हे जुने, पण बहुतेक चेहरे नवे. प्रेक्षकसंख्या घसरली आणि मालिका बंद झाली. व्यवसायाच्या दृष्टीने हा आत्मघात होता. कलादृष्ट्या पाहता, शाळा ही सोडून जाण्यासाठीच असते एवढे साधे सत्य तिने पाळले, आणि त्याची किंमत मोजली.

सगळेच शाळा संपवून जात नाहीत. कर्टिस जॅक्सन हा त्या संघातील एक खेळाडू. अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असताना मद्याच्या दुकानात चाललेल्या दरोड्यात गोळी लागून तो मरतो. या मृत्यूला कारणपरंपरा नाही. त्याच्या कोणत्या दोषाची ती शिक्षा नाही, कोणत्या त्यागाचे ते फळ नाही. तो चुकीच्या वेळी दुकानात शिरला, इतकेच. पुढे विजय मिळतो, पण मिळालेल्या कपाने त्या रिकाम्या जागेचा अर्थ लागत नाही.

न. चिं. केळकरांनी रसास्वादाचे वर्णन सविकल्प समाधी असे केले होते: दुसऱ्याच्या ठायी तद्रूप व्हायचे, पण आपले भान सुटू द्यायचे नाही. जॅक्सनला पुन्हा पाहताना या कल्पनेचा एक अनपेक्षित अर्थ उलगडतो. पहिल्या पर्वात तो विनोद करतो, खेळतो, इतरांबरोबर न्हाणीघरात सूर लावून गातो; आणि पाहणाऱ्याला त्याचा शेवट ठाऊक असतो. पहिल्या वेळी ही गाणी म्हणजे कथानकातील विसावा होता. आता विसावा मिळत नाही, कारण भान सुटतच नाही. पुनःप्रत्ययाच्या आनंदाची चर्चा होते, पण त्याच्या पोटात असलेल्या या वेदनेची चर्चा क्वचितच होते. या वेदनेत आणखी एक ज्ञान मिसळलेले आहे. साउथ सेंट्रल १९९२ साली पेटले, आणि २००३ साली नगरपालिकेने ते नावच बदलून साउथ लॉस एंजेलिस असे केले. पडद्यावरील मुलांना यातले काही ठाऊक नाही. ती आपली चेंडू फेकत राहतात.

ज्या पात्रांना मालिकेने जाऊ दिले त्यांतील एकाला एक विलक्षण पुनर्जन्म मिळाला. पॅल्ट्रोच्याच 'सेंट एल्स्व्हेअर' या रुग्णालयावरील मालिकेत (१९८२–८८) बायरन स्ट्यूअर्ट हा नट १९८४ पासून पुन्हा वॉरन कूलिज म्हणूनच आला. कार्व्हरचा सर्वांत उंच आणि सर्वांत आशास्पद खेळाडू आता बॉस्टनमधल्या एका रुग्णालयात रुग्णांची ने-आण करणारा कर्मचारी झाला आहे. त्याच्या व्यावसायिक खेळाडू होण्याच्या स्वप्नाचे काय झाले, याचे याहून बोलके उत्तर संभवत नाही. ब्यूकॅननचा हिशेब खरा ठरला होता. एका भागात टिमथी व्हॅन पॅटन हा पूर्वी सलामी झालेला नट वेगळ्याच भूमिकेत त्या रुग्णालयात येतो. कूलिज त्याला पाहून आनंदाने 'सलामी' अशी हाक मारतो. माणूस चुकलास, असे म्हणून तो निघून जातो. लेखकांनी ही गंमत म्हणून घातली असणार. परंतु विसरल्या गेलेल्या कृतीची स्थिती याहून नेमकी कोणत्या समीक्षेने सांगितली आहे? एका पात्राला सगळे आठवते आहे, आणि ज्याच्यापाशी आठवण असायला हवी तो ओळख नाकारतो. शेवटी त्या दुसऱ्या मालिकेच्या अंतिम भागात सगळे रुग्णालयच एका स्वमग्न मुलाच्या हातातील काचेच्या गोळ्यातले असावे असे सुचवले जाते. मग त्यात काम करणारा कूलिज, आणि त्याच्यामागची कार्व्हरची शाळा, तीही त्या गोळ्यातच का?

पडद्याबाहेर मात्र शीर्षकाची उपमा उलटी फिरली. थॉमस कार्टर, केव्हिन हुक्स आणि व्हॅन पॅटन, म्हणजे हेवर्ड, थॉर्प आणि सलामी, हे तिघेही पुढे दिग्दर्शक झाले. हुक्सने १९९२ साली 'पॅसेंजर ५७' केला. व्हॅन पॅटनचे नाव 'द सोप्रानोज'पासून 'गेम ऑफ थ्रोन्स'पर्यंत दिसते. कार्टरने २००५ साली 'कोच कार्टर' हा चित्रपट केला: पुन्हा शाळेचा बास्केटबॉल संघ, पुन्हा प्रशिक्षक, मात्र या वेळी प्रशिक्षक कृष्णवर्णीय, आणि गुण घसरले म्हणून व्यायामशाळेला कुलूप लावणारा. त्याच्यात रीव्हजपेक्षा ब्यूकॅननच अधिक आहे. ज्यांच्या पाठीशी सावली उभी होती ती मुले कॅमेऱ्याच्या मागे गेली आणि त्यांनी गोष्ट आपल्या खांद्याच्या उंचीवरून सांगितली. पॅल्ट्रो २००२ मध्ये गेला, हॉवर्ड २०१६ मध्ये. अमेरिकेत त्यांच्या निधनाच्या बातम्यांत या मालिकेचा उल्लेख आला आणि पुन्हा विरून गेला. तुर्कस्तानात मात्र ती 'गोरी सावली' याच नावाने एका पिढीच्या ध्यानात राहिली आणि त्या पिढीला तिने बास्केटबॉलची ओढ लावली. विस्मृतीलाही भूगोल असतो.

तरीही पुन्हा पाहणाऱ्याची खरी परीक्षा तिसऱ्या पर्वात होते. पहिल्या वेळी येथेच तो उठून गेला होता. जुनी मुले नाहीत, मजा राहिली नाही, असे त्याचे म्हणणे होते. या वेळी तो बसून राहतो. संहितेच्या दृष्टीने हे पर्व दुबळे आहे. नव्या मुलांना पुरता आकार आलेला नाही. पण रीव्हजकडे पाहावे. ज्यांच्या पाठीशी सदैव राहीन म्हणून त्याने सांगितले होते ते पुढे गेले, एक जमिनीखाली गेला, आणि तो त्याच व्यायामशाळेत नव्या मुलांची नावे पाठ करतो आहे. पाठीशी राहण्याचे वचन पाळायचे तर मागे राहावे लागते, हे त्याला पहिल्या भागात उमगले नव्हते. दरवर्षी नवा हजेरीपट उघडणाऱ्या प्रेक्षकाला ते सांगावे लागत नाही. नव्या मुलांपैकी एकाचेही नाव त्याला आठवत नव्हते. तो ती आता एकेक करून लक्षात ठेवू लागतो.