आधी जवळचं बघ

आमचं खाली दुकान, वर घर. हिशेब सगळा माजघरातल्या सर्व्हरवर, म्हणजे दिवसरात्र चालू असणाऱ्या एका संगणकावर. त्या दिवशी १९ तारीख. जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायची मुदत २० पर्यंत, आणि नेमका तेव्हाच खालून सर्व्हर सापडेना. मी नेटवाल्या पोराला फोनवर चांगलंच झापलं. मग पुण्यातल्या लेकाला फोन लावला.

"आई, आधी जवळचं बघ, मग लांबचं. पिंग लिहून पुढं १२७.०.०.१ टाक."

म्हणजे यंत्रानं स्वतःलाच हाक मारायची. ओ आली.

"आता १९२.१६८.१.१."

ही हाक घरातल्याच राउटरला. उत्तर नाही.

"मोबाइलवर वायफाय चालतंय?"

चालत होतं की!

"मग राउटर जिवंत आहे. सर्व्हरच्या मागं वायर लावलीय, तिथला दिवा बघ."

दिवा विझलेला. वायर अर्धी बाहेर. सकाळी केर काढताना मीच तो डबा ओढला होता! टक्क वाजेपर्यंत वायर आत दाबली. दिवा लुकलुकला. खालून हाक आली, "आलं, आलं!"

विवरणपत्र वेळेत गेलं. माझ्या मनातून मात्र तो पोरगा जाईना. यंत्रसुद्धा आधी स्वतःला विचारतं. मी थेट दुसऱ्याच्या दारात जाऊन भांडले होते. संध्याकाळी त्याला फोन केला. म्हटलं, "बाबा, चूक माझीच होती."

तो घटकाभर गप्प. मग म्हणाला, "काकू, असा फोन पहिल्यांदाच आला."